चाळिशीतली एमबीए बाईला कुठवर नेते?

रविवारच्या पुरवणीत हल्ली एक्झिक्युटिव्ह एमबीएची एक जाहिरात हमखास असते. कोट घातलेली, हाताची घडी घातलेली एक बाई, मागे काचेच्या इमारती आणि वर ठळक अक्षरांत जागतिक नेतृत्वाची हाक. खाली बारीक टायपात लिहिलेलं असतं की वर्ग शनिवार-रविवार, नोकरी सोडायची गरज नाही. फी मात्र कुठेच नसते, त्यासाठी फोन करायचा. एकदा तुम्ही फोन केलात की पुढचे दोन महिने तेच फोन करत राहतात.

बँकेत, आयटीत, औषध कंपनीत बारा-पंधरा वर्षं काढलेल्या बायका ही जाहिरात कापून ठेवतात आणि मग विचारतात, याने खरंच काही होतं का? की आधीच पन्नास कामं, त्यात एकावन्नावं?

माझं मत सुरुवातीलाच सांगते. नुसत्या पदवीमुळे बढती मिळत नाही. अभ्यासक्रम चालू असताना किंवा संपल्या संपल्या नफ्यातोट्याची जबाबदारी असलेलं काम हातात आलं, तर ही पदवी बाईला बरंच पुढे नेते, कधी कधी देशाबाहेरही. तसं काम आलं नाही, तर काही लाख रुपये आणि दीड-दोन वर्षांचे शनिवार-रविवार खर्ची पडलेले असतात. असं का होतं, ते एकेक करून पाहू.

साधी एमबीए आणि ही, फरक काय?

साधी एमबीए माणूस पंचविशीच्या आसपास करतो, बहुधा नोकरी सोडून, पूर्णवेळ. एक्झिक्युटिव्ह एमबीए नोकरी चालू ठेवून करायची असते. वर्गात बहुतेक जण पस्तिशी-चाळिशीतले, दहा-पंधरा वर्षांचा अनुभव असलेले. एकाआड एक शनिवार-रविवार वर्ग, नाहीतर दीड-दोन महिन्यांतून एकदा सलग आठवडाभर. मधल्या दिवसांत वाचन, ऑनलाइन चर्चा, गटाने करायची कामं. आठवड्याला पंधरा-वीस तास त्यात जातात.

ही कल्पना जुनी आहे. नोकरीत मुरलेल्या माणसांना पुन्हा वर्गात बसवण्याचा प्रयोग अमेरिकेत एमआयटीने १९३१ मध्ये केला, आणि एक्झिक्युटिव्ह एमबीए या नावाचा पहिला अभ्यासक्रम शिकागो विद्यापीठाने १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात सुरू केला. बायकांना मात्र या सगळ्या जगात फार उशिरा शिरकाव मिळाला. हार्वर्डची एमबीए १९०८ ची, पण तिथे बायकांना पहिल्या वर्षापासून रीतसर प्रवेश मिळाला तो १९६३ मध्ये.

मुंबईलाही हा प्रकार अनोळखी नाही. चर्चगेटच्या जमनालाल बजाज संस्थेत नोकरदारांसाठी संध्याकाळचे तीन वर्षांचे अभ्यासक्रम वर्षानुवर्षं चालत आले. फोर्टातल्या बँकांमधून, नरिमन पॉइंटच्या कचेऱ्यांमधून माणसं थेट वर्गात जायची आणि रात्रीच्या विरार फास्टने घरी. त्याला जागतिक वगैरे कोणी म्हणत नसे.

‘जागतिक’ हे विशेषण नंतर जोडलं गेलं. अमेरिकेतली केलॉग ही व्यवस्थापन संस्था आणि हाँगकाँगचं विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ यांनी १९९८ मध्ये एकत्र अभ्यासक्रम काढला. न्यूयॉर्क विद्यापीठाचं स्टर्न, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि पॅरिसचं एचईसी यांनी मिळून २००१ मध्ये ट्रियम नावाचा अभ्यासक्रम सुरू केला. अशा ठिकाणी एक आठवडा एका खंडात तर पुढचा दुसऱ्या खंडात असे वर्ग भरतात.

इथेच एक सावधगिरी. वर्तमानपत्रात ‘एक्झिक्युटिव्ह’ शब्द लावून जे काही विकलं जातं, ते सगळं पदवी नसतं. बरेचसे अभ्यासक्रम निव्वळ प्रमाणपत्राचे असतात. आपल्या आयआयएम संस्थासुद्धा २०१७ चा कायदा लागू होईपर्यंत पदवी देऊ शकत नव्हत्या, पदविकाच देत. प्रमाणपत्रातून शिकायला मिळत नाही असं मुळीच नाही. पण परदेशातल्या कंपनीच्या अर्जात ‘पदवी’च्या रकान्यात ते लिहिता येईल का, एवढं आधी विचारून घ्या.

वर्गात असं काय शिकवतात, जे पंधरा वर्षांच्या नोकरीत कळलं नाही?

याचं उत्तर समजायला कंपनीतल्या कामांची एक विभागणी ठाऊक हवी. काही कामं थेट पैसा कमावणारी असतात. कारखाना चालवणं, विक्रीचा एखादा प्रदेश सांभाळणं, एखाद्या उत्पादनाचा सगळा धंदा पाहणं. वर्षाअखेर किती आले, किती गेले याचा जाब त्या माणसाला द्यावा लागतो. दुसरी कामं आधाराची. मनुष्यबळ, कायदा, जनसंपर्क, अंतर्गत तपासणी वगैरे. ती नसतील तर कंपनी कोलमडेल, पण धंद्याचा जाब त्यांना कोणी विचारत नाही.

मुख्य अधिकारी निवडताना संचालक मंडळ बहुतेक वेळा पहिल्या गटाकडे बघतं. आणि मोठ्या कंपन्यांमधल्या वरच्या पदांवरच्या बायका बघितल्या तर त्यातल्या कितीतरी दुसऱ्या गटात असतात. कोणी त्यांना जबरदस्तीने तिकडे ढकललेलं नसतं. पहिली बदली नाकारली, कारखाना गावाबाहेर होता, मूल लहान होतं, साहेब म्हणाले “तुमचं माणसांशी छान जमतं, तुम्ही एचआर बघा”. अशी चार वळणं घेतली की पंधरा वर्षांनी बाई आपल्या खात्यात निष्णात असते आणि ताळेबंद वाचायची वेळ आली की शेजाऱ्याकडे बघते.

एक्झिक्युटिव्ह एमबीए ही उणीव भरून काढते. भांडवल कुठून उभं करायचं, एखाद्या देशातला धंदा बंद करायचा की रेटायचा, दुसरी कंपनी विकत घेताना किंमत कशी ठरवायची, हे वर्गात खऱ्या कंपन्यांची उदाहरणं घेऊन घासूनपुसून करून घेतात. हे ज्ञान फार गूढ नाही, कोणी मन लावून वाचलं तर घरीही येईल. वर्गाचा फायदा असा की दोन वर्षं दर पंधरवड्याला कोणीतरी आपल्याला विचारतं, “तुम्ही प्रमुख असतात तर काय केलं असतंत?” बऱ्याच जणींना हा प्रश्न ऑफिसात एकदाही विचारलेला नसतो.

मात्र या उदाहरणांमधली प्रमुख माणसं कोण असतात, हेही बघायला हवं. हार्वर्डचे तेव्हाचे डीन नितीन नोहरिया, आपल्या पवईच्या आयआयटीचे विद्यार्थी, यांनी २०१४ च्या जानेवारीत माजी विद्यार्थिनींसमोर माफी मागितली होती. हार्वर्डने बायकांना नीट वागवलं नाही हे त्यांनी कबूल केलं. त्या वेळी संस्थेच्या उदाहरणांपैकी जेमतेम ९ टक्के उदाहरणांत निर्णय घेणारी प्रमुख व्यक्ती बाई होती, आणि पाच वर्षांत ते प्रमाण २० टक्क्यांवर नेऊ असं वचन त्यांनी दिलं. जगभरच्या व्यवस्थापन संस्था हार्वर्डचीच उदाहरणं विकत घेऊन शिकवतात, तेव्हा हा प्रश्न एकट्या हार्वर्डचा नव्हता.

ओळखींची भिशी

अभ्यासापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे वर्गातली माणसं. हे सगळेच सांगतात, पण ती नेमकी कशी उपयोगी पडतात हे क्वचित सांगितलं जातं.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलेली एक गोष्ट आता सर्वमान्य आहे. नवी संधी बहुधा जिवलग मैत्रिणीकडून कळत नाही, कारण तिला जे माहीत असतं ते आपल्यालाही आधीच माहीत असतं. ती कळते लांबच्या, अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीतून. एकाच कंपनीत पंधरा वर्षं काढलेल्या बाईच्या सगळ्या ओळखी त्याच कंपनीतल्या असतात. एक्झिक्युटिव्ह एमबीएच्या वर्गात अचानक साठ-सत्तर लांबच्या ओळखी एका फटक्यात होतात. कोणी सिंगापूरच्या बंदरात, कोणी नैरोबीच्या बँकेत, कोणी हैदराबादच्या लसनिर्मितीत.

या ओळखी भिशीसारख्या चालतात. दर महिन्याला हप्ता टाकावा लागतो, म्हणजे कोणाला पुरवठादाराचं नाव द्या, कोणाच्या मुलाच्या प्रवेशासाठी फोन करा, कोणाचा अहवाल रात्री बसून वाचून द्या. आपली चिठ्ठी कधी निघेल सांगता येत नाही, पण निघते तेव्हा सगळी रक्कम एकदम हातात येते. आणि भिशीत हप्ता चुकवला की पुढच्या फेरीत कोणी बोलावत नाही. वर्ग सहाला सुटतो आणि खरी भिशी त्यानंतरच्या जेवणाच्या टेबलावर लागते, तेव्हा बायकांनी साडेसहाची गाडी पकडलेली असते. फी सगळ्यांनी सारखीच भरलेली असते, हे विशेष.

कोणत्या ओळखी बायकांच्या कामी येतात, यावर एक उत्तम अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. यांग, चावला आणि उझी या तिघांनी अमेरिकेतल्या एका नामांकित संस्थेतल्या सातशेहून अधिक एमबीए विद्यार्थ्यांची एकमेकांशी झालेली ई-मेलची देवाणघेवाण तपासली. नावं झाकलेली होती. कोण कोणाशी आणि किती वेळा बोलतं एवढंच पाहायचं होतं. मग शिक्षण संपल्यावर कोणाला किती वरच्या पदाची नोकरी मिळाली याच्याशी ते जुळवून बघितलं.

पुरुषांच्या बाबतीत गणित सोपं निघालं. ज्याच्या ओळखी जास्त आणि मोक्याच्या, त्याला चांगलं पद. बायकांच्या बाबतीत तेवढं पुरेना. व्यापक ओळखी तर हव्याच, शिवाय दोन-तीन बायकांचं एक घट्ट वर्तुळही हवं होतं. ज्यांच्याकडे दोन्ही होतं त्यांना मिळालेली पदं, ज्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं अशा बायकांच्या तुलनेत अडीच पट वरची होती. अभ्यासकांनी कारणही सुचवलं. अमुक कंपनीत बाळंतपणानंतर काय करतात, तमुक साहेबाच्या हाताखाली बाई टिकते का, पगाराची बोलणी करताना किती ताणायचं, ही माहिती जाहीर कुठेच मिळत नाही. ती बायका एकमेकींना खासगीत सांगतात.

हा अभ्यास पूर्णवेळ एमबीएचा होता, हे खरं. पण तर्क चाळिशीतही तोच लागू पडतो असं मला वाटतं, उलट जास्तच. म्हणून एखाद्या वर्गात पन्नासात चारच बायका असतील, तर ती फक्त दिसायला वाईट गोष्ट नाही. अशा वर्गात घट्ट वर्तुळ जमायला माणसंच कमी पडतात. पूर्णवेळ एमबीएमध्ये परिस्थिती बरीच सुधारली, अमेरिकेतल्या व्हार्टन या संस्थेत २०२१ साली पहिल्यांदाच निम्म्याहून जास्त विद्यार्थिनी होत्या. एक्झिक्युटिव्ह वर्गांत बायका अजून साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास घोटाळतात.

परदेशात बाईला कोण विचारतं?

हा आक्षेप घरातूनही येतो आणि ऑफिसातूनही. “तिकडचे ग्राहक बाईशी बोलायला तयार नसतात” असं साहेब म्हणतात आणि नाव यादीतून गळतं.

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या नॅन्सी ॲडलर यांनी हा आक्षेप चाळीस वर्षांपूर्वीच तपासला होता. १९८४ मध्ये त्यांनी उत्तर अमेरिकेतल्या ६८६ कंपन्यांची माहिती गोळा केली. परदेशी नेमणुकीवर गेलेल्या सुमारे १३ हजार अधिकाऱ्यांमध्ये बायका होत्या अवघ्या ४०२. बायकांनाच जायचं नसतं का, म्हणून त्यांनी एक हजाराहून जास्त एमबीए विद्यार्थ्यांना विचारलं. मुलं आणि मुली यांच्या इच्छेत फरक सापडला नाही. मग आशियात प्रत्यक्ष काम केलेल्या ५२ उत्तर अमेरिकी बायकांशी त्या बोलल्या. त्यातल्या ९७ टक्के बायकांनी आपली नेमणूक यशस्वी झाली असं सांगितलं. तिथली माणसं त्यांच्याकडे आधी परदेशी म्हणून बघत होती, बाई म्हणून नंतर. स्थानिक बायकांना जी बंधनं होती ती यांना लावली जात नव्हती. अडचण समुद्रापलीकडे कमी आणि स्वतःच्या मुख्य कचेरीत जास्त होती.

स्वतःच्या यशाबद्दल स्वतः दिलेली उत्तरं थोडी सावधपणे घ्यावीत, आणि कॅनडाहून टोकियोला गेलेल्या बाईचा अनुभव पुण्याहून रियाधला जाणाऱ्या बाईला जसाच्या तसा येईल असं नाही. तरी मुद्दा टिकतो. परदेशी नेमणुकीची यादी तयार होते तेव्हा बाईचं नाव त्यात असलं पाहिजे, आणि अनेकदा ते कोणी घालतच नाही. ‘तिला विचारायचं कशाला, घर आहे तिला’ असं परस्पर ठरतं. आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाला नाव नोंदवणं म्हणजे आपल्याला जायचं आहे हे लेखी जाहीर करणं. माझ्या मते या पदवीचा हा न बोललेला फायदा बराच मोठा आहे. त्यानंतर ‘तिला जायचं नसेल’ असं म्हणायची सोय कोणाला राहत नाही.

परदेशी नेमणूक काय करू शकते त्याचं उदाहरण म्हणजे विनिता बाली. जमनालाल बजाजमधून शिकलेल्या बाली कॅडबरीत असताना इंग्लंड, नायजेरिया आणि दक्षिण आफ्रिकेत काम करून आल्या, मग कोका-कोलात गेल्या, आणि २००५ पासून नऊ वर्षं ब्रिटानियाची धुरा त्यांच्याकडे होती. नायजेरियात धंदा केलेल्या माणसाला ‘तुम्हाला बाजार कळतो का’ असं विचारायची हिंमत सहसा कोणी करत नाही.

पण लीना नायर यांनी कुठे केली होती?

हा सगळ्यात खणखणीत आक्षेप, आणि तो बरोबर आहे. कोल्हापुरात वाढलेल्या, सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून अभियंता झालेल्या लीना नायर २०२२ च्या जानेवारीत शनेल या फ्रेंच फॅशन कंपनीच्या जागतिक प्रमुख झाल्या. त्यांच्याकडे एक्झिक्युटिव्ह एमबीए नाही. जमशेदपूरच्या एक्सएलआरआयमधून त्यांनी पूर्णवेळ मनुष्यबळ व्यवस्थापन केलं आणि १९९२ मध्ये हिंदुस्तान लिव्हरमध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून लागल्या. कोलकाता, तमिळनाडूतलं अंबत्तूर, आपल्याकडचं तळोजा, असे कारखाने त्यांनी पाहिले. नंतर लंडन, आणि २०१६ मध्ये संपूर्ण युनिलिव्हरच्या मनुष्यबळ प्रमुख.

मी वर मांडलेल्या नियमाला तर त्या दुहेरी अपवाद आहेत, कारण त्या आधाराच्या खात्यातून थेट प्रमुखपदी गेल्या. नेमणूक जाहीर झाली तेव्हा जगभरच्या व्यापारी पत्रकारांना नवल वाटलं ते याचंच. पण त्यांच्या वाटचालीत काय होतं ते बघा. कारखान्यातली सुरुवात, देशाबाहेरची नेमणूक, आणि जगभर पसरलेल्या कंपनीच्या दीडेक लाख माणसांची जबाबदारी. एक्झिक्युटिव्ह एमबीए जे काही वर्गात बसवून देऊ पाहते, ते त्यांना एका मोठ्या कंपनीने नोकरीतच दिलं. ज्यांची कंपनी लहान आहे, एकाच शहरात आहे किंवा दारं बंद ठेवणारी आहे, त्यांच्यासाठी पदवी हा दुसरा रस्ता. ज्यांना कंपनी हे सगळं देतेच आहे, त्यांनी फीचे पैसे वाचवावेत.

शिकागोचे आकडे

एक्झिक्युटिव्ह एमबीएची सुरुवात जिथे झाली, त्याच शिकागोच्या आकड्यांनी पदवीची मर्यादाही दाखवून दिली. मारियान बर्ट्रांड, क्लॉडिया गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी १९९० ते २००६ या काळात तिथून पूर्णवेळ एमबीए झालेल्यांची कमाई तपासली. त्यांचा अभ्यास २०१० मध्ये आला. गोल्डिन यांना पुढे २०२३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पदवी हातात पडली तेव्हा बायकांची सरासरी वार्षिक कमाई होती १ लाख १५ हजार डॉलर आणि पुरुषांची १ लाख ३० हजार. फरक होता, पण फार नव्हे. नऊ वर्षांनंतर बायका २ लाख ५० हजारांवर होत्या आणि पुरुष ४ लाखांवर. वर्ग तोच, प्राध्यापक तेच, प्रमाणपत्रावरची सहीही तीच.

तफावतीची तीन मुख्य कारणं निघाली. शिकताना घेतलेले विषय आणि गुण यांतला थोडा फरक, नोकरीत पडलेले खंड, आणि आठवड्याचे कामाचे तास. शेवटच्या दोन्हींच्या मुळाशी बहुतांशी एकच गोष्ट होती, घरात आलेलं मूल. ज्या धंद्यात सलग जास्त तास देणाऱ्यालाच भरघोस मोबदला मिळतो, तिथे एक-दोन वर्षांचा खंडही फार महाग पडतो.

आता हे एक्झिक्युटिव्ह एमबीएला लावून बघा. ती येते अडतिसाव्या वर्षी, म्हणजे तफावत पडून झाल्यावर. अमेरिकी कंपन्यांच्या ‘विमेन इन द वर्कप्लेस’ या वार्षिक पाहणीत २०२४ मध्ये दिसलं की पहिल्यांदा व्यवस्थापक होणाऱ्या दर १०० पुरुषांमागे ८१ बायकांनाच ती बढती मिळते. म्हणजे जिन्याच्या पहिल्याच पायरीवर गळती होते, तिशीच्या आत. चाळिशीतल्या वर्गात जी बाई पोचते, ती या गळतीतून वाचलेली असते. म्हणूनच “आमच्या विद्यार्थिनी बघा कुठे पोचल्या” अशी जाहिरात बघताना लक्षात ठेवावं की त्यातल्या बऱ्याच जणी पदवी नसती तरी पुढे गेल्या असत्या. संस्थेने काय दिलं आणि त्यांनी सोबत काय आणलं होतं, हे वेगळं काढणं अवघड असतं.

ज्यांच्या नोकरीत मोठा खंड पडला, त्यांना एक्झिक्युटिव्ह एमबीएपेक्षा वेगळं काहीतरी लागतं. अंधेरीच्या एसपी जैन संस्थेने अशा बायकांसाठी पूर्णवेळ वेगळा अभ्यासक्रम काढला. खंडानंतर परतणाऱ्या बाईला मुख्य प्रवाहातल्या वर्गात ‘सध्या कुठे असता?’ या प्रश्नाला रोज तोंड द्यावं लागतं, तेवढं तरी तिथे टळतं.

पैसे कोणी भरायचे?

व्हार्टनसारख्या ठिकाणी खर्च दोन लाख डॉलरच्या वर जातो. भारतात संस्थेप्रमाणे काही लाखांपासून तो चाळीस लाखांच्या घरात जाऊ शकतो. पैसे कुठून आले यावर पुढचं बरंच अवलंबून असतं, आणि हे मी निव्वळ पैशाच्या अंगाने म्हणत नाही.

कंपनीने पैसे भरले, तर पदवी संपल्यावर तुमचं काय करायचं हा कंपनीचाही प्रश्न होतो. जनरल मोटर्सने मेरी बारा यांना १९८८ मध्ये स्वतःच्या शिष्यवृत्तीवर स्टॅनफर्डला पाठवलं. त्या एमबीए करून परत आल्या, पुढे डेट्रॉइटजवळचा एक मोटार कारखाना सांभाळला आणि २०१४ मध्ये कंपनीच्या प्रमुख झाल्या. कार्ली फियोरिना यांना एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने एमआयटीच्या त्या जुन्या, १९३१ पासूनच्या अभ्यासक्रमाला धाडलं. १९८९ मध्ये तो पुरा झाला. दहा वर्षांनी, ल्युसेंट या कंपनीतला मोठा धंदा सांभाळून झाल्यावर, त्या ह्यूलेट-पॅकार्ड या संगणक कंपनीच्या प्रमुख झाल्या. २००५ मध्ये तिथल्या संचालक मंडळाने त्यांना काढलं, तेव्हा एमआयटीची पदवी काही मदतीला आली नाही. दोघींच्याही बाबतीत शिक्षणानंतर पुढे धंद्याची जबाबदारी मिळाली होती, हे महत्त्वाचं.

इथे मार्गदर्शक आणि पाठीराखा यांतला फरक ध्यानात घ्यावा. मार्गदर्शक तुम्हाला सल्ला देतो. पाठीराखा तुम्ही हजर नसलेल्या बैठकीत तुमचं नाव पुढे करतो आणि त्यासाठी स्वतःची पत पणाला लावतो. इबारा, कार्टर आणि सिल्वा या अभ्यासकांनी २०१० मध्ये हेच दाखवलं की बायकांना सल्ला भरपूर मिळतो, पाठीराखे कमी मिळतात, आणि बढत्या पुरुषांनाच जास्त मिळतात. कंपनीतल्या कोणा वरिष्ठाने तुमच्या फीच्या मंजुरीवर सही केली असेल, तर तो आपोआप थोडासा पाठीराखा झालेला असतो. तुम्ही वाया गेलात तर त्याचीही सही वाया जाते.

स्वतःच्या खिशातून भरायचे असतील तर मोकळीक जास्त, आधार कमी. कर्ज घेतलं आणि जुनी करप्रणाली निवडली, तर मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाच्या कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळू शकते. नव्या प्रणालीत ती नाही. बऱ्याच जणींचं या फरकाकडे लक्ष जात नाही.

आणि वेळ कोणाचा?

सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या भारतीय बायका त्यात रोज २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८, असं दिसतं. हे सगळ्या देशाचं चित्र आहे, घरी स्वयंपाकाला बाई ठेवणाऱ्या पुण्या-मुंबईच्या अधिकारी स्त्रीचं गणित थोडं वेगळं असेल. पण आठवड्याचे पंधरा-वीस तास कुठून तरी यायला लागतात. ज्या शनिवारी वर्ग असतो त्याच शनिवारी पालकसभा, सासऱ्यांची डॉक्टरांची वेळ आणि कोणाचं तरी केळवण निघतं. प्रवेश घेण्याआधी नवऱ्याने ‘हो, कर की’ म्हटलं एवढ्यावर थांबू नये. अठरा महिन्यांचं वेळापत्रक फ्रिजवर लावावं आणि कुठल्या शनिवारी घर कोण बघणार ते नावानिशी लिहून घ्यावं. हा सल्ला व्यवस्थापनशास्त्रातलाच आहे, फक्त तिथे त्याला मोठं नाव आहे.

संचालकपदासाठी तरी उपयोग होतो का?

होतो, थोडा. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांच्या मंडळावर किमान एक बाई सक्तीची केली, आणि १ एप्रिल २०२० पासून शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने त्यातल्या सगळ्यात मोठ्या एक हजार कंपन्यांना किमान एक स्वतंत्र महिला संचालक नेमायला लावलं. युरोपीय संघाने तर २०२२ मध्ये निर्देश काढून बिगर-कार्यकारी, म्हणजे रोजचा कारभार न पाहणाऱ्या, संचालकांत बायकांसाठी ४० टक्क्यांचं लक्ष्य जून २०२६ पर्यंत ठेवलं. त्यामुळे मागणी आहे, आणि वित्त समजणारी, इतर धंद्यांतली माणसं ओळखणारी बाई शोधताना ही पदवी नजरेत भरते. पण संचालकाची खुर्ची म्हणजे कंपनी चालवणं नव्हे. अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या पाचशे कंपन्यांच्या फॉर्च्युनच्या २०२५ च्या यादीत ५५ कंपन्यांच्याच प्रमुखपदी बायका होत्या.

अर्ज भरण्याआधी

संस्थेला विचारा की गेल्या पाच वर्षांतल्या तुमच्या विद्यार्थिनींपैकी किती जणी आज नफ्यातोट्याची जबाबदारी असलेल्या पदावर आहेत. सरासरी पगारवाढ सांगतील, ती ऐकून घ्या आणि हाच प्रश्न पुन्हा विचारा. वर्गात बायका किती, हेही विचारा. जमलं तर संस्थेने दिलेल्या यादीबाहेरच्या दोन माजी विद्यार्थिनी शोधून त्यांच्याशी बोला, यादीतल्या सगळ्या खूशच असतात.

कंपनीशी बोलणं जास्त नाजूक. कंपनी फी भरणार असेल तर बहुधा दोन-तीन वर्षांचा बाँड लिहून घेते. मधेच सोडलंत तर पैसे परत. त्यात काही गैर नाही. पण त्या तीन वर्षांत तुम्हाला कुठलं काम देणार याबद्दल कागदावर एक ओळही नसते. ती मागा. मनुष्यबळवाले म्हणतील, असं लिहून द्यायची पद्धत नाही. मग तुम्हाला हव्या त्या खात्याच्या प्रमुखाला भेटा, त्याला अभ्यासक्रमातला एखादा प्रकल्प त्याच्याच धंद्यावर करून द्यायची तयारी दाखवा, आणि तो ‘हो’ म्हणाला की त्याच दिवशी ते बोलणं ई-मेलने लिहून पाठवा. बाँडवर सही त्यानंतर.